दंतवैद्याची खोली आणि आवाज



दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे. त्याच मार्गावरील मानक भवनात भारतीय मानक ब्यूरोचे कार्यालय आहे. राष्ट्रीय इमारत संहिता हाच ब्यूरो प्रसिद्ध करतो, आणि २०१६ च्या संहितेतील आठव्या भागाचा चौथा विभाग ध्वनिशास्त्र, ध्वनिरोधन व आवाजाचे नियंत्रण यांना वाहिलेला आहे. या दोन वास्तूंच्या दरम्यान वाहनांचा कोलाहल दिवसभर चालू असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु ती रस्त्यावरील, परिसरातील आवाजाची मर्यादा होय. दंतोपचाराच्या खोलीत रुग्णाला छळणारा आवाज बाहेरून येत नाही. तो आतच जन्मतो. त्याला आवर घालताना खोलीच्या कोणत्या भागावर प्रथम पैसा खर्च करावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पूर्वीची दात कोरण्याची यंत्रे पायाने किंवा पट्ट्यावर चालत. त्यांच्या घरघरीने सारा जबडा हादरे. १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डन यांचे ‘एअरोटर’ आले आणि दाबाखालील हवेने फिरणारे इवलेसे चाक मिनिटाला ३ लाख फेरे घेऊ लागले. हादरे गेले, उपचाराचा वेळ घटला. त्यांच्या जागी शीळ आली. मिनिटाला ३ लाख फेरे म्हणजे सेकंदाला ५ हजार. मानवी कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, तो २ ते ५ हजार कंपनांचा. यंत्राने नेमकी हीच जागा गाठावी, हा दुर्दैवी योगायोगच म्हणावा लागेल.

खुर्चीतील रुग्णाच्या कानी हा आवाज दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट हवेची, तोंडापासून कानापर्यंत वीतभर अंतराची. दुसरी जबड्याच्या हाडातून थेट अंतःकर्णात जाणारी. छताला कितीही मोलाचे तक्ते लावले तरी या दोन्ही वाटा अबाधित राहतात. तक्ते विकणारे हे सहसा सांगत नाहीत, म्हणून ते येथे आरंभीच सांगितलेले बरे.

मग ध्वनिशोषणाचा लाभ कोणाला? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकीतज्ज्ञाकडे, फॉग संग्रहालयाच्या सभागृहात वक्त्याचे शब्द का कळत नाहीत, हे शोधण्याचे काम आले. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून सभागृहात मांडल्या आणि गाद्या वाढवीत नेल्यावर निनाद किती वेळात विरतो हे मोजले. त्यातून जो नियम हाती आला, तो आजही वापरात आहे: निनाद खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाबरोबर घटतो.

हा नियम दिल्लीतील एखाद्या सामान्य दवाखान्याला लावून पाहावा. तळमजल्यावरची ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व तितकीच उंच खोली. खाली गुळगुळीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती, एखादे काचेचे तावदान. हे पृष्ठभाग ध्वनीचा जेमतेम ३ टक्के अंश शोषतात असे धरले आणि त्यात माणसे व खुर्ची यांची थोडी भर घातली, तर निनाद सुमारे १.८ सेकंद रेंगाळतो. छतावर ७० टक्के शोषण करणारे तक्ते लावताच तो अर्ध्या सेकंदावर येतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र उतरतो तो फक्त ५ डेसिबलांनी. अंकांत हा उतार लहान दिसतो. पण बोललेला शब्द स्पष्ट होतो, आणि हा लाभ मोठा आहे. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, स्त्री गरोदर आहे काय, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे नीट ऐकू आली नाहीत तर पुढचा धोका केवळ गैरसोयीचा राहत नाही. जेथे एकाच दालनात अनेक खुर्च्या मांडलेल्या असतात, तेथे तर रुग्णाला आपले दुखणे शेजाऱ्यांच्या कानी जाईल इतक्या मोठ्याने सांगावे लागते. अशा दालनात छताबरोबरच खुर्च्यांमध्ये माणसाच्या उंचीचे शोषक पडदे हवेत.

तथापि भीतीचे खरे घर बाहेरच्या बाकावर असते. आत कोणाचा तरी दात कोरला जात आहे, आणि बाहेर मांडीवर बसलेले मूल ते ऐकत आहे. आपली पाळी येण्याआधीच घरी परतणारा रुग्ण याच बाकावरून उठून जातो. पुढे तो दात वाचत नाही, काढावा लागतो. म्हणून पहिला पैसा छतावर नव्हे, दारावर खर्चावा. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली २ सेंटिमीटरांची फट असली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक टक्का भरते. आणि एक टक्का जागा उघडी असली की दार सागवानी असो वा पोलादी, त्याचा रोध २० डेसिबलांपलीकडे जात नाही. भरीव फळीचे दार, तिन्ही बाजूंना रबराची पट्टी आणि खाली झडप, एवढ्याने बाकावरची स्थिती पालटते. मात्र फटी बुजविल्या की हवेची वाटही बुजते. उपचाराच्या वेळी तोंडातून तुषार उडत असल्याने मोकळी हवा तर हवीच. तेव्हा आतून शोषक अस्तर लावलेला, वळणे घेत जाणारा हवेचा मार्ग वेगळा ठेवावा लागतो.

साहित्याच्या निवडीत याच तुषारांची अडचण आहे. गालिचा, कापडी पडदे, उघडा फोम यांत जंतू व दिल्लीची धूळ दोन्ही मुरतात. ५ हजार कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी अवघी ७ सेंटिमीटर असते. त्यामुळे २५ मिलिमीटर जाडीची खनिज लोकरही त्याला पुरते. ती पातळ प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून सच्छिद्र धातूच्या पत्र्यामागे बसवावी, म्हणजे पृष्ठभाग पुसता येतो. आवरणामुळे शीळेच्या शोषणात काही घट येते, ती सोसावी. अशा साहित्याच्या शोषणाचे मापन दिल्लीतच, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, करता येते.

हवा दाबणाऱ्या काँप्रेसरला मात्र या लोकरीचा उपयोग नाही. त्याच्या १०० कंपनांच्या गुरगुरीची तरंगलांबी ३ मीटरांहून अधिक. त्याला खोलीबाहेर, रबरी पायांवर, जड भिंतीच्या आड ठेवणे हाच उपाय. मात्र शेजाऱ्याच्या शयनगृहाखाली नव्हे.

उरला खुर्चीतील रुग्ण. १९५९ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य वॉलेस गार्डनर व ध्वनिमानसशास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर यांनी रुग्णांच्या कानांना श्रवणी लावून संगीत आणि धबधब्यासारखा आवाज ऐकविला, व तो वाढविण्याची कळ रुग्णाच्याच हाती दिली. वेदना शमतात हा त्यांचा दावा मोठा होता. पुढील नियंत्रित प्रयोगांत तो तितकासा टिकला नाही आणि ती उपकरणे अडगळीत गेली. कळ रुग्णाच्या हाती असावी, ही कल्पना मात्र टिकली. दुखले तर डावा हात वर करा, असे आज कित्येक दंतवैद्य सांगतात. हात वर होताच यंत्र खरोखर थांबते, हे रुग्णाला पहिल्या मिनिटातच एकदा करून दाखवावे. त्याला ना तक्ता लागतो, ना लोकर.