जात्यावरील ओवी आणि आपली परंपरा
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ग्रामीण जीवनात आणि साहित्यात परंपरेचे स्थान काय, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, व सारे आयुष्य खेड्यांतील शाळांत गेलेले. तेव्हा पंडिती चर्चा आमच्याकडून होणार नाही. जे खेड्यात पाहिले आणि फावल्या वेळी वाचले, त्यांची सांगड घालण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. परंपरा हा विषय अफाट आहे. म्हणून आम्ही त्यातील एकच वस्तू पुढे ठेवतो. ती वस्तू म्हणजे जाते, आणि जात्यावर गाइलेली ओवी.

गावात पिठाची गिरणी येण्यापूर्वी प्रत्येक घराचा दिवस जात्यापासून सुरू होई. कोंबडा आरवण्याच्या आधी घरची लेकीसून उठे, एक हात खुंट्यावर ठेवी, दुसऱ्या हाताने जात्यात मूठमूठ दाणे वैरी आणि घरातील सर्वांच्या भाकरीचे पीठ दळून काढी. एकटीस जाते ओढत नसे तेव्हा नणंद वा जाऊ समोर बसे. त्या अंधारात, जात्याच्या घरघरीच्या लयीवर, ती ओवी गाई. पहिल्या ओव्या देवास, मग आईबापास, भावास, बाळास, पंढरीच्या वाटेस आणि अखेर स्वतःच्या दुःखास. दिवसभर ज्या सुनेस मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, तिला मन मोकळे करण्याची ही एक जागा होती. विवाहातही जात्याला मान असे. हळद दळण्याचा मंगल विधी सुवासिनी जात्यावरच करीत.

ही परंपरा किती जुनी आहे, हे पाहिले म्हणजे विस्मय वाटतो. चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. त्यानंतर इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली. गीतेचा अर्थ मराठीत सांगताना ज्ञानेश्वर महाराजांनी संस्कृत वृत्ताचा आश्रय केला नाही. यमकाने बांधलेले तीन चरण आणि आखूड चौथा चरण, अशा ओवीत त्यांनी सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगितला. बायाबापड्यांच्या मुखी ज्या नावाचे गाणे होते, त्याच नावाच्या छंदाने मराठी वाङ्मयाचे हे दालन उघडले. पुढे नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंसंगे प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, अशी कथा लोकांनी जिवापाड जपली. एकनाथ महाराजांनी तर वासुदेव, जोशी, गोंधळी ही गावोगाव फिरणारी माणसे भारुडांत आणून त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. तात्पर्य, आपले थोर साहित्य ग्रामजीवनावर पोसलेले आहे.

हा धागा अलीकडच्या काळापर्यंत तुटलेला नाही. खानदेशातील आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरकाम करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचून गात. घरच्या माणसांनी त्यांतील काही वहीत उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्या निरक्षर माउलीचे नाव आहे. बंधुभगिनींनो, ती वही नसती तर आपणांस काय उरले असते, याचा क्षणभर विचार करावा.

तथापि परंपरेचे गोडवे गाताना सत्य झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. परंपरेच्याच नावाने आपल्या गावांतील पाणवठे कित्येक बांधवांना बंद होते. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. परंपरेच्याच नावाने विधवेचे केस उतरविले गेले आणि मुलींना शाळेबाहेर ठेवले गेले. जात्याचे कष्टही काही सुखाचे नव्हते. गरोदर बाईलाही त्यातून सुटका नसे. गिरणी आली तेव्हा बायांच्या हातांना विसावा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट झाली. जाते पुन्हा घरोघर फिरावे, असे कोणीही म्हणू नये, आणि न दळणारांनी तर मुळीच म्हणू नये.

मग राखावे काय आणि टाकावे काय? आमच्या अल्पमतीस एक कसोटी सुचते. जी चाल एकास बसवून दुसऱ्यास राबविते, वा एकास बोलू देऊन दुसऱ्यास मुके करते, ती रूढी होय. तिचा मोह धरू नये. जी मुक्यास वाचा देते ती जपण्यासारखी परंपरा होय. अशी परंपरा नव्या काळासही सामावून घेते. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत राम, सीता व विठ्ठल यांच्या ओव्या आहेत, तशाच डॉ. आंबेडकरांच्याही आहेत. जुन्या लयीत बायांनी आपला नवा उद्धारकर्ता गाइला. त्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासास प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु सर्व भार या थोरांवर टाकून आपण स्वस्थ बसावे काय? गिरणी आली, जाते थांबले, आणि गाण्याचे निमित्तच गेले. ज्यांनी स्वतः दळताना ओव्या गाइल्या, त्या माउल्या आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यामागून लिहून घेण्यास कोणी उरणार नाही.

आपल्या स्मरणिकेत दरसाल देणगीदारांची नावे छापतात, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापतात, दिवंगत कर्त्या पुरुषांची छायाचित्रे छापतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या हातांच्या पिठावर हे कर्ते पुरुष वाढले, त्या बायांचा एक शब्दही त्यात आढळत नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. घरातील आजी, पणजी, आत्या यांच्याजवळ बसून, त्यांच्या इच्छेने, त्यांच्या ओव्या लिहून घ्याव्यात. गाणारीचे नाव, तिचे माहेर व सासर नोंदवावे. तिची बोली शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. ‘पानी’ म्हटले तर ‘पानी’च लिहावे. आवाज साठविण्याचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचाही उपयोग करावा.

आणखी एक गोष्ट, व ती महत्त्वाची. या ओव्यांत सासुरवास येईल, उपाशी निजल्याचा उल्लेख येईल, कदाचित आपल्याच आजोबांविषयी कडू शब्द येईल. घराण्याच्या अब्रूचे कारण सांगून ती ओवी गाळण्याचा मोह होईल. तो आवरावा. देवाची ओवी ठेवून दुःखाची ओवी पुसली, तर तिला आपण दुसऱ्यांदा मुके केले असे होईल. ती स्वतः ‘हे लिहू नको’ म्हणाली तरच थांबावे. तिच्या मुलाने वा नातवाने म्हटल्यावरून नव्हे.

शेवटी एवढेच, की ओवी कोणा एका ज्ञातीची मिरास नाही. एकच ओवी एका शब्दाच्या फरकाने दहा आळ्यांतून ऐकू येते. म्हणून या कामी गावातील इतर समाजांच्या भगिनींकडेही आपण जावे. पुढील संमेलनास येताना प्रत्येक घराने निदान दहा ओव्या आणाव्यात, आणि गाणाऱ्या माउलीस व्यासपीठावर बसवून समाजाने त्या ऐकाव्यात, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे.