बापाचे घड्याळ, मुलाचा डाव

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळांच्या मैदानी स्पर्धांचे दिवस होते. माझी तेरा वर्षांची मुलगी ८०० मीटरच्या शर्यतीत धावणार होती, आणि मी हातात स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला उभा होतो. त्या हिवाळ्यात रोज पहाटे पाचला तिला उठवून मी तापीच्या बाजूच्या रस्त्याने धावावयास नेत असे. त्या दिवशी तिचा तिसरा क्रमांक आला. घरी परतताना कोणत्या वळणावर किती सेकंद वाया गेले, हे मी तिला समजावीत होतो. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, मी धावताना पुढच्या मुलीकडे पाहतच नाही. तुमच्या हातातल्या घड्याळाकडे पाहते."

मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आहे. परंतु त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच सुमारास एक कादंबरी माझ्या वाचनात आली. अरविंद अडिगा यांना २००८ साली 'द व्हाइट टायगर' या कादंबरीबद्दल बुकर पारितोषिक मिळाले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. त्यांचीच 'सिलेक्शन डे' ही इंग्रजी कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. कर्नाटकातून मुंबईस आलेला मोहन कुमार हा चटण्या विकून पोट भरणारा गरीब माणूस. दहिसरच्या झोपडपट्टीत तो राधा व मंजू या आपल्या दोन मुलांना वाढवितो. थोरला जगातील पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होणार आणि धाकटा दुसऱ्या, असे त्याने ठरवूनच टाकले आहे. मुलांचे खाणेपिणे, त्यांनी दाढी केव्हा करावी, मुलींपासून दूर कसे राहावे, या सर्वांचे नियम त्याने घालून दिले आहेत. पुढे एक धनिक त्या घराला पैशांचे साहाय्य देऊ करतो व बदल्यात मुलांच्या भावी कमाईत वाटा मागतो. बाप तो व्यवहार मान्य करतो.

या कथेतील खरा पेच मंजूचा आहे. त्याचा ओढा विज्ञानाकडे. परंतु बॅट हाती घेतली की तो भावापेक्षाही सरस खेळतो. घराने ठरविलेला क्रम त्यामुळे बिघडतो. आपल्याला जे उत्तम येते ते आपल्याला आवडते का, हे त्या मुलाला कळेनासे होते. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात हा प्रश्न विचारावयाचा तरी कोणाला? ज्याला विचारावयाचा, त्याने तर उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते.

मोहन कुमार दुष्ट आहे, असे मात्र मला म्हणवत नाही. दारिद्र्यातून वर जाण्याची एकच शिडी त्याला दिसली आणि ती त्याने मुलांच्या खांद्यावर ठेवली. आपण मुलांसाठी केलेला त्याग हे त्यांच्यावरील ऋण आहे असे मानू लागलो, म्हणजे प्रत्येक डाव हा त्या ऋणाचा हप्ता होतो. तेथून पुढे खेळ उरत नाही, वसुली उरते.

आता एका खऱ्या बापाची हकीकत ऐका. त्याच २०१६ सालच्या जानेवारीत कल्याण येथे भंडारी चषक आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा काढल्या. इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ साली केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. प्रणवचे वडील रिक्षाचालक. एका दिवसात त्यांच्या घरासमोर पत्रकारांची रीघ लागली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने मुलाला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे मात्र तशा धावा होईनात. तेव्हा २०१७ साली, मुदत पुरी होण्याच्या पुष्कळ आधी, मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, सबब ही शिष्यवृत्ती बंद करावी, असे पत्र त्या वडिलांनीच संस्थेला लिहिले.

दोघेही बाप कष्टकरी आणि दोघांचीही मुले गुणी. कादंबरीतील बाप मुलांच्या भविष्यावर पैसे घेतो. कल्याणचा बाप हाती येत असलेले पैसे थांबवितो. रिक्षा चालविणाऱ्या माणसाला दरमहा दहा हजार म्हणजे काय, हे आमच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागावर राबणाऱ्या घरांना सांगावे लागणार नाही. माझ्या मते, १००९ धावांइतकेच ते पत्रही स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, दडपणावाचून विजेता घडत नाही. २०१६ सालच्या अखेरीस आलेला 'दंगल' हा चित्रपट सर्वांनी पाहिला आहे. बापाने हट्टाने मुलींना कुस्तीच्या मातीत उतरविले आणि गीता फोगाट हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. हे सर्व खरे आहे, आणि मला त्या मुलीचा अभिमानही आहे. परंतु चित्रपट निघतो तो जिंकलेल्या घरावर. न जिंकलेल्या शेकडो घरांची कथा सांगण्यास कादंबरीकारच लागतो. आणि जिंकलेल्यांचे तरी काय? आठ मोठ्या टेनिस स्पर्धा जिंकणाऱ्या आंद्रे अगासी याने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, टेनिसचा त्याला मनापासून तिटकारा होता. लहानपणी वडिलांनी अंगणात चेंडू फेकणारे एक यंत्र उभे केले होते. त्याची त्याला भीती वाटत असे.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही मुले आवडीने मागतात. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून वाऱ्यासारखा सुटतो; पण त्याचा वेग मोजीत कडेला कोणी उभे नसते, आणि मुलांना त्याचे हेच सुख भावत असावे. त्याच कपाटात मंजूसारख्या मुलाची कथाही सकस मराठीत असावी, असे मला फार वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाला ती वाचून आपण एकटे नाही हे कळेल. आणि वडिलांनी ती चुकून उघडली, तर त्यांना आपला आवाज मुलाच्या कानांनी ऐकू येईल. मला तो तसा ऐकू आला.

त्या शर्यतीनंतर मी मुलीला विचारले, "तुला धावायचे आहे का? नको असेल तरी मी रागावणार नाही." तिने उत्तर द्यावयास आठ दिवस घेतले. माझा राग खरोखर येणार नाही ना, याची ती तेवढे दिवस परीक्षा पाहत असावी. मग तिने धावणे सोडले. आता संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर खो-खो खेळते. पुष्कळदा हरते आणि हसत घरी येते. पहाटे पाचला मला अजून जाग येते, आणि थोडे वाईटही वाटते, हे कबूल केले पाहिजे. ते वाईट वाटणे माझे आहे. ते तिने फेडावयाचे नाही.

श्रोतेहो, या हिवाळ्यात आपलीही मुले मैदानात उतरतील. आपण अवश्य जा, टाळ्या वाजवा. मात्र घरी परतताना डावाविषयी पहिले वाक्य त्यांना बोलू द्या.