किनाऱ्यावर कोण उभे होते?



सहल म्हटली की आपल्याला डबा, बस आणि गाणी आठवतात. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ कर्नेल येथे शाळांच्या सहली येतात, त्या मात्र एक प्रश्न घेऊन येतात : येथे त्या दिवशी काय घडले?

२९ एप्रिल १७७० रोजी कॅप्टन कुकचे 'एन्डेव्हर' जहाज या उपसागरात आले. ग्वीगल आदिवासींपैकी दोघे पुरुष भाले घेऊन होड्यांना आडवे उभे राहिले. कुकने बंदूक झाडली. एक जण जखमी झाला. झोपड्यांतले ४०-५० भालेही उचलून नेले.

आदिवासी ओरडत होते, 'वारा वारा वाय'. याचा अर्थ पुष्कळ वर्षे 'चालते व्हा' असा सांगितला गेला. धारावल भाषेचे जाणकार म्हणतात, 'ही तर मेलेली माणसे!' असा तो अर्थ आहे. गोरे पाहुणे त्यांना भुतांसारखे वाटले.

कुकची रोजनिशी छापली गेली. किनाऱ्यावरच्यांची हकिकत वडीलधाऱ्यांच्या तोंडीच राहिली. म्हणून तेथील मुले दोन्ही ऐकतात. त्या भाल्यांपैकी उरलेले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे होते. २०२४ साली, २५४ वर्षांनी, ते मूळ समाजाला परत मिळाले.

मित्रांनो, सनावळी जरूर पाठ करा. पण 'जहाज आले' असे वाचाल तेव्हा विचारा, किनाऱ्यावर कोण उभे होते? आणि पालकहो, मुलाने असा प्रश्न केला तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका.