किती झिजलेलं नाणं घ्यावं?

जुनी नाणी जमवायला लागलेला माणूस सुरुवातीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो : 'हे फार झिजलंय, घेऊ का?' मी कविता लिहितो. पोटासाठी नोकरी केली आणि पगारातून जे उरलं त्यातून नाणी घेतली. खिशात मोजकेच पैसे असले की झिजेचा हिशेब नीट करावा लागतो. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

नाण्यांच्या बाजारात झिजेवरून प्रत ठरते. व्यापारी 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रिमली फाईन' असं म्हणतात. गंमत अशी, की नुसतं 'फाईन' म्हटलेलं नाणं चांगलंच झिजलेलं असतं. प्रत एक पायरी वर गेली की किंमत मात्र उडी मारते. ईदीला मुलांना कोरी करकरीत नोट हवी असते, मळकी दिली तर तोंड वाकडं होतं. आम्हा संग्राहकांचंही तसंच. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं आज कोरं दिसतं, याचा अर्थ बहुधा एवढाच की ते फारसं कुणी वापरलंच नाही. टाकसाळीतून निघालं आणि लवकरच गाडग्यात भरून जमिनीखाली गेलं.

वापरलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० काहापण कायमची ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं आणि १,००० पाऊण टक्क्यानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण वस्त्रांसाठी द्यायचे होते. करून पाहा, वर्षाचं व्याज २४० आणि वीस गुणिले बारा तेवढेच. अशी नाणी विणकराच्या हातून सूतवाल्याकडे, तिथून वाण्याकडे गेली असतील. ती झिजणारच!

याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं जिंकल्यानंतर आपला छाप मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक लिपीतली दोनचार अक्षरं डोकावतात. स्वच्छ, सुबक नाणंच हवं म्हणणारा हे नाणं 'खराब' म्हणून बाजूला ठेवील. पण एक राजवट गेली आणि दुसरी आली, याचा पुरावा त्याच खराबीत आहे.

म्हणून नाणं हाती आलं की झीज कशी आहे, हे मी आधी बघतो. हाताळण्यानं नाणं झिजतं तेव्हा उंच भाग आधी जातो : राजाचा गाल, केस, हत्तीची पाठ. खोलगट जागा आणि अक्षरांची मुळं शिल्लक राहतात. ही प्रामाणिक झीज. कधी छापच नीट बसलेला नसतो, किंवा चकती ठशापेक्षा लहान असल्यानं अर्धा लेख बाहेर जातो. तो टाकसाळीचा दोष, त्याला झीज म्हणू नये. तिसरा प्रकार माणसानं केलेल्या नुकसानीचा : कानस मारलेली, आम्लात बुडवलेली, ब्रशनं घासलेली नाणी. घरची तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख होतात, म्हणून लोक नाणीही चिंचेनं घासतात. अंगावर शतकांनी बसलेला थर जातो, त्याबरोबर बारीक रेषाही जातात. पहिल्या दोन प्रकारांची नाणी मी घेतो, तिसऱ्याची सहसा नाही.

पुढचा नियम साधा. नाणं सर्रास मिळणारं असेल तर थांबावं, बरं मिळेल. दुर्मीळ असेल तर ओळख पटण्यापुरतं शिल्लक असलं तरी पुरे. कुणाचं आहे आणि कोणत्या प्रकारचं आहे, एवढं सांगता आलं की ते माझ्या लेखी वाचनीय नाणं.

झिजेला ज्ञानाचं साधन बनवलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे हे गणिती. त्यांनी चांदीची हजारो आहत नाणी तराजूत तोलली. चलनात फिरताना नाण्याचं वजन हळूहळू घटतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो, हे धरून त्यांनी साठ्यांचा काळानुसार क्रम लावण्याची रीत बसवली. ज्या झिजेपायी आपण भाव पाडतो, तिचंच त्यांनी घड्याळ केलं.

आता काळजीची गोष्ट. सगळ्यांनीच चकचकीत नाणी मागितली, तर झिजलेल्यांचं काय होतं? ती धातूच्या भावानं वजनावर विकली जातात आणि मुशीत आटतात. त्याबरोबर एखादा अपरिचित राजा, एखादं न वाचलेलं नाव कायमचं वितळू शकतं. शिवाय कोऱ्या नाण्याला भाव आला की बनावट नाणी करणाऱ्यांचंही फावतं.

कायदाही ध्यानात असावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

माझ्याकडे सातवाहनांचं पोटिनचं, म्हणजे हलक्या मिश्रधातूचं, एक नाणं आहे. हत्तीची वर उचललेली सोंड तेवढी उरलीय आणि कडेला ब्राह्मीतली तीन अक्षरं : 'तकणि'. त्यांच्या मागे 'सा' आणि पुढे 'स' आपण लावायचा, की 'सातकणिस', म्हणजे 'सातकर्णीचं', असं वाचता येतं. तुम्हालाही असं एखादं नाणं मिळालं, तर ते दिव्याच्या तिरप्या उजेडात धरा, भिंग घ्या आणि घाई करू नका.