वाई ते धोम, पोरींच्या सायकलींवरून

पोरींना शाळेसाठी मिळालेल्या सायकली सुट्टीत पडून होत्या. त्या घेऊन आम्ही बचत गटातल्या सात जणी वाईहून धोमला जाऊन आलो. "तिकडे काम काय?" घरोघरी विचारलं. काम काहीच नव्हतं, आणि तेवढं सांगायलाच खरा धीर लागला. रस्त्याचा चढ त्यापुढे काहीच नाही!

उजाडताच निघालो. त्या वेळी गाड्या जवळजवळ नसतातच, उसात सोडलेलं पाणीसुद्धा ऐकू येतं. तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाटावरच्या देवळापाशी मोठी घंटा आहे, १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा ती पोर्तुगीजांकडून आली म्हणतात. लेकुरवाळीच ती, आम्ही बराच वेळ तिच्याजवळ बसलो. पुढे धोमला नृसिंहाचं देऊळ, आणि कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी.

हवा आदल्या दिवशी भरा. ओढणी कमरेला घट्ट बांधा, चाकात अडकते. साडी असेल तर काष्टा बरा.

ज्यांना सायकल येत नाही, त्यांनी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यावं. मागून धरायला आम्ही आहोत.