सात सीटर म्हणजे नक्की किती माणसं?

"गाडी घ्यायची, पण सगळे मावले पाहिजेत" हे वाक्य ज्यांच्या घरात सध्या चालू आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग.

मी मूळचा गुहागरचा, नोकरी पुण्यात, काम कोड लिहिण्याचं. घरी आम्ही नऊ जण: आजी, आई-बाबा, काका-काकू, दादा-वहिनी, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि मी. आमच्याकडे एक सेकंडहँड सात सीटर होती. नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, आमची होती.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात लग्न होतं. काका आदल्या दिवशीच गेलेला, म्हणून गाडीत आम्ही आठ. पुतण्या वहिनीच्या मांडीवर. आजी सगळ्यात मागे, का, तर "आजी बारीक आहे, मावते." पहाटे पाचला निघालो. चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर करत पाटणला चहाला थांबलो. आजी म्हणाली, "मला नको, तुम्ही घ्या." आम्ही घेतला. संध्याकाळी हॉलवर आजीला चक्कर आली. वहिनीनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, आजीनं सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. "पाणी प्यायलं की उतरायला लागतं. मी उतरायची म्हणजे पुढच्यांनी उठायचं, सीट पाडायची. कशाला सगळ्यांना त्रास?"

त्यानंतर दोन वेळा कुठे जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा आजी म्हणाली, मी घरीच बरी. आम्ही म्हटलं, वय झालं. वय नव्हतं हो झालं. ती तिसरी रांग होती.

म्हणून गेल्या वर्षी नवी गाडी बघायला निघालो तेव्हा मी मायलेजच्या आधी एक गोष्ट लिहिली: आजी कुठे बसणार? आमच्या धंद्यात याला टेस्ट केस म्हणतात. ज्याला सगळ्यात जास्त अडचण, त्याच्यासाठी चाललं तर सगळ्यांसाठी चालतं.

शोरूमला आजीला घेऊन गेलो. सेल्समन टचस्क्रीन दाखवत होता, आम्ही म्हटलं, आधी ही मागे चढू दे. एकट्यानं, हात न धरता. तुम्हीही हेच करा. मधल्या रांगेत सलग बाक असेल तर सीट सरकवून किंवा पाडूनच मागे जावं लागतं. मध्ये दोन सुट्या सीट असतील, म्हणजे कॅप्टन सीट, तर मधल्या वाटेनं जाता येतं. पण मग बऱ्याच गाड्या सहाच्या होतात. एक माणूस कमी, पण कुणी अडकत नाही. हा सौदा घरात बसून ठरवायचा.

दुसरं, सामान. सातही सीट वर असताना मागे काय उरतं ते बघा. ट्रायबरला उरतात ८४ लिटर, एर्टिगाला २०९. ८४ लिटर म्हणजे दोन-तीन सॅक. कोकणातून निघणारी गाडी सॅक घेऊन निघते का? नारळ, कोकम, सीझनला आंब्याच्या पेट्या! आणि एर्टिगा सीएनजीत घ्याल तर टाकी त्याच जागेत येते. मग सामान टपावर.

मग ट्रायबर वाईट का? अजिबात नाही. ती मुद्दामच चार मीटरच्या आत बसवलीय. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, त्यापेक्षा मोठीला ४०. एर्टिगा साधारण ४.४ मीटर, इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटरच्या वर. आमच्या वाडीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, खळ्यात वळवायला जागा कमी. तिथे एक फूटसुद्धा मोठा असतो. घरात पाच जण आणि कधीतरी दोन पाहुणे असतील तर ट्रायबर हुशारीची निवड आहे. पण एक लिटरचं ७२ पीएसचं इंजिन, सात माणसं आणि कुंभार्लीचा चढ, हे गणित दर महिन्याला करायचं असेल तर विचार करा. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर एकट्यानं घेऊ नका. माणसं भरून, एसी लावून चढावर घ्या. आणि तिसऱ्या रांगेत एसीचा वारा पोचतो का बघा. घाटात उलटी मागेच होते!

क्रिस्टा डिझेल घाटात राजा आहे, पण आमच्या बजेटच्या बाहेर. शेवटी एर्टिगा घेतली, पेट्रोल.

आता मालकीतली एक कोकणी गोष्ट. गाडी किनाऱ्यावर रेतीत नेऊ नका. चाक रुततं ते रुततंच, वर खारं पाणी खालच्या पत्र्याला खातं. समुद्राजवळ घर असेल तर गाडीचं पोट अधूनमधून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यावर घरात भांडण झालं. आरसीवर जो सातचा आकडा असतो, त्यात ड्रायव्हर धरलेला असतो. सात सीट, सात बेल्ट. २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मांडीवरच्या पोराला तर बेल्ट नसतोच. जोराचा ब्रेक लागला की त्याला कुणाचेही हात धरून ठेवू शकत नाहीत. मी म्हटलं, आठवा माणूस बसणार नाही. काका चिडला, "इतके पैसे घालून सगळे मावत नाहीत, मग गाडी घेतलीच कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण वर्षातून दोन-तीन वेळा नऊ जण एकत्र जातात. तेवढ्यासाठी आणखी मोठी गाडी वर्षभर पोसणं आम्हाला परवडणारं नव्हतं. उरलेल्या दोघांनी एसटीनं यायचं, हे ठरवायला मात्र पैसे लागत नाहीत.

सध्या ते दोघं म्हणजे दादा आणि मी. मे महिन्यात पुन्हा पुण्याला जाणं झालं, आम्ही गुहागर डेपोतून एसटी धरली. पुढची सीट आता आजीची, बाबा मागे. पाटणवरून वहिनीचा फोटो आला: आजी टपरीवर, हातात चहाचा ग्लास. नंतर कळलं, तिनं गाडी तीनदा थांबवायला लावली. काका वैतागला होता म्हणे.

तुमच्या घरात तिसऱ्या रांगेत कोण बसतं? आज त्यांना विचारा, आणि मग गाडी बघायला जा. भेटू पुढच्या भागात.