दारातला दवाखाना आणि सरकारचे अंदाजपत्रक

(कोल्हार येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कोल्हारच्या पुलावरून नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला या मुलखात वैद्यकीय सोयींची वाण आहे असे सहसा वाटणार नाही. सहकारी साखर कारखानदारीचा हा प्रदेश. लोणी अगदी जवळ, आणि तेथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु आजारी माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो. दवाखाना पायी जाता येईल इतका जवळ आहे काय, आणि तेथे गेल्यावर औषध हाती पडते की बाहेरून आणण्याची चिठ्ठी? या प्रश्नाचे उत्तर इमारतीकडे पाहून मिळत नाही. ते अंदाजपत्रकात शोधावे लागते.

१९४६ साली भोर समितीने असे तत्त्व मांडले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. समितीच्या दीर्घकालीन आराखड्यात दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय होते. आज सपाटीवरच्या तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, आणि त्या केंद्रात चार-सहा खाटा! पाऊणशे वर्षांत नियोजनाची महत्त्वाकांक्षा किती आक्रसली, याचे दुसरे मोजमाप नको.

देशाजवळ पैसा नव्हता हे उत्तर नेहमी दिले जाते. ते तपासण्यासाठी याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेडला जावे. राहुरीत वाढलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा पहिला प्रयत्न साधला नाही. परिचारिका गावात रमत ना, गावही त्यांना आपले म्हणत ना. मग गावानेच निवडलेल्या स्त्रिया पुढे आल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन, मुक्काम करून त्या शिकत, आणि परत जाऊन बाळंतपणे करीत, मुलांची वजने घेत, जुलाब लागलेल्या पोरांना मीठ-साखरेचे पाणी पाजीत. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती; पंचवीस वर्षांत तो आकडा तिसाच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या प्रयोगाला स्थान मिळाले, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार.

दिल्लीला या वाटेचे महत्त्व कळले नव्हते असे नव्हे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने गावागावांत लोकांमधूनच आरोग्यरक्षक उभे करण्याची योजना सुरू केली. आरोग्यमंत्री होते समाजवादी चळवळीतले राजनारायण. तेव्हा या योजनेचे श्रेय समाजवाद्यांनी घ्यावे हे योग्यच. पण तिचे पुढे काय झाले याचा हिशेबही त्यांनीच मांडला पाहिजे. आरोग्यरक्षकाला तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे एवढेच मिळत असे. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. १९७९ मध्ये केंद्राने निम्मा भार राज्यांवर ढकलला, १९८१ मध्ये योजना कुटुंबकल्याणाच्या दावणीला बांधली गेली. पुढे ती नावापुरती उरली. तिच्या जागी २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली ती आशा स्वयंसेविका.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. जामखेडच्या स्त्रियाही पगारी नव्हत्या, आणि सरकार नेमका हाच दाखला पुढे करते. पण त्यांच्या पाठीशी रोज उघडे असणारे रुग्णालय होते, दर आठवड्याला त्यांचे म्हणणे ऐकणारा डॉक्टर होता, आणि त्यांचा शब्द गावात चालावा म्हणून झटणारी माणसे होती. सरकारने स्वयंसेवा तेवढी उचलली आणि पाठबळ तेथेच सोडून दिले. आशांकडे मात्र नोंदी, सर्वेक्षणे, लसीकरण, साथीतील घरोघरची फेरी असे कामाचे डोंगर आले. त्यांना संपावर जावे लागले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने ५,००० रुपयांची मासिक वाढ मान्य केली. कर्मचारी म्हणून दर्जा त्यातूनही मिळाला नाही.

आता पैशाच्या वाटेकडे वळावे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे आणि त्यातील दोनतृतीयांश प्राथमिक सेवेवर लावण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे महासाथीच्या काळातसुद्धा, हा खर्च १.८४ टक्के होता. राज्यांनी आपल्या खर्चातील आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यावा असेही त्याच धोरणात होते. महाराष्ट्र त्याच्या खूपच मागे राहिला. त्या वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून भरली.

जो थोडा पैसा येतो तोही सरळ येत नाही. अभियानाच्या निधीत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याची फाईल थांबते. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे. रुग्ण मात्र एकच. उपकेंद्राच्या हाती मुक्त निधी म्हणून सुरुवातीला वर्षाला १०,००० रुपये ठेवले होते. तेवढ्यात पाण्याची टाकी दुरुस्त करावी की दिवे लावावेत?

याउलट विमा योजनेची मर्यादा बघता बघता दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या गरिबाला महात्मा फुले योजनेचा आधार होतो, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण रोजची रक्तदाबाची गोळी तिच्यात बसत नाही. गोळी न मिळालेला माणूस पक्षाघात होऊन खाटेवर पडला म्हणजे मग योजना धावून येते, आणि पुष्कळदा तो पैसा खासगी रुग्णालयाकडे जातो. याला कोणी आरोग्यधोरण म्हणो. हिशेबाच्या भाषेतही हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आणि ज्यांची मोजदादच होत नाही त्यांचे काय? गळिताचा हंगाम लागला की बीड-पाथर्डीकडून ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे या पट्ट्यात येतात. कोप्यांत गरोदर बाया असतात, तान्ही मुले असतात. केंद्राचे निकष मात्र कायम वस्तीवर, तेही २०११ च्या जनगणनेवर बेतलेले, कारण पुढची गणना वर्षानुवर्षे लांबली. कोपीतल्या बाईची नोंद तिच्या गावी, पोटदुखी इथे. येथल्या परिचारिकेच्या औषधसाठ्यात तिचा हिस्सा धरलेला नसतो. कार्यकर्त्यांनी यंदा हंगामाच्या तोंडाशी गावनिहाय कोप्या मोजाव्यात, गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची मुले यांची यादी करावी आणि ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून तेवढ्या माणसांची औषधे आणि लशी लेखी मागाव्यात. पोच घेतल्याशिवाय परतू नये.